नवीन झाड

हेरंबचा फिशटँक म्हणजे घरचा देव्हारा, आणि रविवारी त्यातली खडी साफ करणं ही पूजा. नळीने तळाची घाण ओढायचा तो. गढूळ पाण्याच्या बादल्या मोरीत ओतायच्या इरावतीने. आज तिला उभंही राहवत नव्हतं. गुरुवारी परळच्या इस्पितळात पोटातलं तीन महिन्यांचं बाळ गेलं होतं. तिथे हेरंब घड्याळाकडे बघत म्हणाला होता, “होतं असं कधीकधी. पुन्हा बघू.” चौथी बादली ओतून ती भिंतीला टेकली. “या कोपऱ्यात नळी खुपसायची नाही हं,” तो सांगत होता. “नवीन झाड आहे. महिनाभर धक्का लागता कामा नये बिचाऱ्याला.” फोन घ्यायला त्याने नळी तिच्या हाती दिली. तिने ती मुळांतच खुपसली. झाड उपटून तरंगत वर आलं. “अगं, काय केलंस!” इरावतीने घड्याळाकडे बघितलं. “होतं असं कधीकधी. पुन्हा बघू.”