मिठाच्या गोण्या

अंबाजोगाईच्या दवाखान्यातून केजला घरी आलेल्या गुरुपादअप्पांनी कापडदुकानाच्या मागं नजर टाकली. माणूसभर खोल ताजा खड्डा, शेजारी मिठाच्या चार गोण्या. लिंगायतांत गेलेल्याला मिठात बसवूनच माती देतात. अप्पा दिवसभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "वीरेश, अजून जीव हाय रे माझ्यात. खड्डा कावून खांदलास?"

पोरगा खो खो हसला. "अप्पा, ती अर्थिंग हाय! आपलं दुकान आता शोरूम व्हायलंय. पुण्यासारखे पट्टीवर सरकणारे लाईट लावायलोय. खड्ड्यात मीठ-कोळसा घातला की करंट जमिनीत जातो, गिऱ्हाइकाला शॉक बसत न्हाई."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. लई दिवसांनी पोटभर जेवले आणि खुर्ची टाकून काम बघत बसले. वायरमन बजरंगनं तांब्याचा पत्रा उतरवला, मीठ-कोळशाचे थर दिले, खड्डा बुजवून हात झटकले.

"मालक, एकाच गोणीत भागलं की. बाकीच्या तीन कावून आणल्या?"

अप्पांकडं न बघता वीरेश म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आत ठेव."