सायकलसकट सत्कार

"सायकल आत न्यायची नाही, बाई. आत फक्त साहेबांच्या गाड्या लागतात," नगरपालिकेच्या दारावरचा पहारेकरी म्हणाला. "आणि रस्त्यावर लावलीत तर उचलून नेतील."

नाडकर्णीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर शाळेत शिकवायला सायकलनं गेल्या म्हणून आज सायकल धोरणाच्या सभेत त्यांचाच सत्कार होता! त्यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि धापा टाकत जिना चढून थेट सभागृह गाठलं.

त्यांना पाहताच टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा! बाई सायकलसकट आल्या!" मुख्याधिकारी कौतुकानं म्हणाले आणि पुढे होऊन त्यांनी बाईंच्या अंगावर शाल घातली.

बाईंनी ती काढून सायकलच्या हँडलवर टाकली. "मला शाल कसली पांघरता? आधी हिला तुमच्या दारात उभं राहू द्या!"