हिरवी पट्टी

लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. माइक सापडला नाही.

हरिओमनं पिन काढली, सदऱ्याला पुसली, परत खुपसली. हेडफोन त्याच्या बायकोच्या, उज्ज्वलाच्या डोक्यावर होता. तिला लॅपटॉपमधलं सगळं ऐकू येत होतं. तिचं बोलणं मात्र आत जात नव्हतं. तिच्या मुलाखतीला थोडाच वेळ उरला होता. बियाण्यांच्या एका कंपनीला घरी बसून शेतकऱ्यांचे फोन घेणारी माणसं हवी होती. काम मिळालं तर दिवाळीनंतर दोघांनी ऊसतोडीला जायचं नाही, असं घरात ठरलं होतं. नाही मिळालं तर मुकादमाला होकार कळवायचा होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या हरिओमला टोळीत कोणी घेणार नव्हतं.

धारूरच्या दुकानातून हेडफोन आणला तेव्हा त्याला दोन पिना निघाल्या, एक ऐकायची, एक बोलायची. लॅपटॉपला भोक एकच. हरिओम परत जाऊन दोन्ही पिना एकात बसवायचा जोड घेऊन आला. तो लावूनही माइक सापडत नव्हता. लॅपटॉप उज्ज्वलाच्या भावाचा, जुना. त्याचा स्वतःचा माइक कधीच गेलेला.

बंद करून चालू कर, असं उज्ज्वलाची सासू रतनबाई लसूण सोलता सोलता म्हणाली. टीव्ही बिघडला की ती तेच करायची.

ते करून झालं होतं. हरिओमनं दुकानदाराला फोन लावला. दुकानदार सांगत गेला, तो दाबत गेला. शेवटी आतल्या कुठल्याशा पानावर सापडलं: माइक वापरायला परवानगीच दिलेली नव्हती. त्यानं ती दिली. पडद्यावर हेडफोनचं नाव उमटलं आणि त्याच्याखाली एक लांब रिकामी पट्टी. बोललं की ती हिरवी भरत जाते, दुकानदारानं सांगितलं.

"बोल," हरिओम म्हणाला.

उज्ज्वलाचे ओठ हलले. पट्टी हलली नाही. ती पुन्हा काहीतरी बोलली. पट्टी रिकामीच.

हरिओमनं हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर घातला आणि हॅलो म्हणाला. पट्टी टोकापर्यंत हिरवी झाली. परत तिच्या डोक्यावर ठेवला. परत काही नाही.

"माझं घेतंय, तुझं घेत न्हाई. कावून?" तो वैतागून पुन्हा दुकानदाराचा नंबर शोधू लागला.

उज्ज्वलाची नजर एकदा दाराकडं जाऊन आली.

दारात तिचा सासरा सटवा बसला होता, काठी मांडीवर आडवी घेऊन. शेरडं सोडायची वेळ टळून गेली होती, अंगणाच्या टोकाला काट्यांच्या वाडग्यात कोंडलेली ती ओरडत होती, तरी तो उठला नव्हता. उज्ज्वला या घरात आल्यापासून सासऱ्यापुढं बोलली नव्हती. चहा झाला की ती रतनबाईला सांगायची, रतनबाई त्याला. तसं तिला कोणी बजावलं नव्हतं. रतनबाईही आपल्या सासऱ्यापुढं कधी बोलली नव्हती. आणि लॅपटॉपला नेट देणाऱ्या मोबाइलला रेंज मिळायची ती याच खोलीत. थोडा वेळ बाहेर जा, असं सटवाला म्हणणारं घरात कोणी नव्हतं.

सटवानं पट्टीकडं पाहिलं. मग सुनेकडं.

"यंत्राला कायबी झालं न्हाई," तो मुलाला म्हणाला. "फोन ठिव."

तो उठला, अंगण ओलांडून गेला आणि वाडग्याची ताटी बाजूला केली. शेरडं बाहेर पडली. म्हातारा निघाला असं वाटून रतनबाईनं सुनेला खूण केली, बोल आता.

पण सटवा निघाला नव्हता. शेरडांच्या घोळक्यात तो घराकडं तोंड करून उभा राहिला.

"उज्ज्वला," त्यानं हाक मारली. डोंगरात या टेकडीवरून त्या टेकडीवरच्याला मारतात तशी, लांब. अशा हाकेला पलीकडचा माणूस उलट ओरडत नाही. ऐकू आलं की नुसती काठी वर करतो. "मला हितं ऐकू आलं पायजे, पोरी. मंग तिकडंबी जाईल."

रतनबाईचा लसूण सोलणारा हात थांबला. नाव घेऊन त्यानं सुनेला कधी हाक मारली नव्हती.

उज्ज्वलानं माइकची दांडी ओठांसमोर ओढली.

"माझं नाव उज्ज्वला."

पट्टीला सुरुवातीला जरासा हिरवा रंग आला. सटवा तसाच उभा होता. काठी जमिनीला टेकलेली.

"माझं नाव उज्ज्वला हरिओम शिंगाडे," ती म्हणाली. आवाज मध्येच चिरकला, तरी तिनं तो खाली येऊ दिला नाही. "राहणार तालुका धारूर, जिल्हा बीड."

पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली. सटवानं काठी वर केली.

तेवढ्यात लॅपटॉप वाजू लागला. हरिओमनं घाईनं बटण दाबलं. पडद्यावर एक बाई आली आणि आवाज येतोय का म्हणून विचारू लागली. उज्ज्वला बोलू लागली. शिक्षण किती, गाव कुठं, माहेरी कापसाची कोणती वाणं लावत होते, सगळं. आता ती दाराकडं पाहत नव्हती.

शेरडं आपली आपण वाटेला लागली, बांध ओलांडून पार लांब गेली. अंगणाच्या टोकाला सटवाची काठी अजून वरच होती.