डब्यावरची सही

गाडीखालून सरपटत बाहेर आल्यावर आकाराम मिस्त्रीने बोट पुढे केले. बोटावर तांबडी धूळ होती.

“क्लच चांगला हाय,” तो म्हणाला. “तीन वेळा बदलला, त्यो फुकट. शाफ्टचा पुढचा क्रॉस कोरडा पडलाय. म्हणून गिअर टाकला की ठोका बसतोय.”

भाऊसो खुर्चीवरून उठले नाहीत. “नीट बघितलंस न्हवं? का मुद्दाम?”

“खाली वाका आन् तुमीच बघा.”

भाऊसो वाकले नाहीत.

गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांना देणारा तो लांब शाफ्ट. त्याच्या टोकाला अधिकच्या चिन्हासारखा, मुठीत मावणारा पोलादी तुकडा असतो, तो क्रॉस. पलूसच्या भाऊसोंची ती हिरवी विलायती गाडी दोन माणसांची आणि पंचवीस वर्षे जुनी होती. चौऱ्याहत्तर साली पेट्रोल महागले तरी भाऊसो ती ऐंशी मैलांच्या वेगाने पळवीत. येत्या रविवारी कराडच्या पुढे, सरळ रस्त्यावर, पुण्याच्या एका मोटारवाल्याशी त्यांची शर्यत ठरली होती. त्या गाडीची नाडी कळणारा माणूस साताऱ्यात एकच होता. नाहीतर पोवई नाक्यामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये भाऊसोंनी पाय ठेवला नसता.

दोन वर्षांपूर्वी कोरेगावच्या वळणावर हीच गाडी उलटली होती. भाऊसोंना खरचटले. शेजारी बसलेला आकारामचा धाकटा भाऊ अर्जुना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. खटला उभा राहिला नाही.

अर्जुना भाऊसोंच्या बरोबर सगळीकडे फिरायचा आणि घरी येऊन त्यांच्या नकला करायचा. “त्यास्नी मेढ्याला न्यायचं असंल, तर कोरेगावला चला म्हणायचं,” असे सांगून तो हसायचा. दवाखान्यात तो एवढेच बोलू शकला, “दादा, मी हळू म्हणालो हुतो.”

दुपारी अर्जुनाची बायको राहीबाई भाकरी घेऊन आली. हिरवी गाडी दिसताच ती दारातच थबकली. भाऊसो तेवढ्यात नाक्यावर चहाला गेले होते.

“भावजी, ही गाडी तुमी नीट करताय?”

“व्हय.”

“एक बोल्ट ढिला ठेवा. कुणाला कळनार न्हाई.”

“राही, सोळा वर्सं लष्करात पाना धरलाय. माझ्या हातनं खोटं काम व्हनार न्हाई.”

तिने भाकरीचे फडके बाकावर आपटले आणि ती निघून गेली.

तीन दिवसांनी भाऊसोंनी दोन क्रॉस आणून टेबलावर ठेवले. एक काळपट, जुना. सांगलीला अशाच एका मोडलेल्या गाडीचा काढलेला. दुसरा मुंबईहून मागवलेला, कोरा, डब्यातला, तेलाने चकाकणारा.

“कुठला बसवायचा?”

आकारामने दोन्ही हातांत तोलले. दोन्हींवर कानस घासून पाहिली.

“जुना. नवा हलक्या गाडीचा हाय. माप जुळतंय, बसंल. पर तुमचं इंजिन त्याला झेपनार न्हाई. ऐंशीच्या पुढं गेला की तुटंल.”

भाऊसोंनी जुना क्रॉस बाजूला सारला.

“सांगलीवालाबी हेच म्हणाला. येताना माझ्या मनात जुनाच हुता. आता कळलं. तुमची दोघांची वळख हाय जणू.”

“मी त्याला कवा बघितला न्हाई.”

“भावाचा राग पोटात ठेवून तू मला चांगला सल्ला देणार, व्हय रं? मी काय दूधखुळा हाय? नवा बसव.”

“भाऊसो, ऐका. नवा तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक खाली पडंल आन् रस्त्यात रुतंल. गाडी कोलांटी खाईल. बसवायचाच असंल, तर निदान शाफ्टखाली लोखंडी पट्टी लावू द्या. तुटला तरी अडकून ऱ्हाईल.”

“म्हंजे गाडी जड. शर्यतीत मला मागं पाडायचा तुझा डाव, तो मला ठावं न्हाई व्हय? पट्टी न्हाई. नवा क्रॉस. आन् मी हितं बसून बघणार.”

“मग डब्यावर लिहून द्या.”

ही आकारामची लष्करातली सवय. साहेबाने मिस्त्रीचा शब्द मोडला, की त्या भागाच्या डब्यावर तसे लिहून सही घ्यायची. सगळ्या गिऱ्हाइकांना ती माहीत होती.

भाऊसो हसले. त्यांनी पेन काढले आणि मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘मिस्त्री नको म्हणत असता माझ्या हुकमाने नवा क्रॉस बसवला. पट्टी लावू दिली नाही.’ खाली झोकात सही केली.

आकारामने क्रॉस बसवला. खुणा जुळवल्या, ग्रीस भरले, चारी बोल्ट आवळले आणि प्रत्येक बोल्ट भाऊसोंना दाखवला. गाडी निघताना तो आडवा उभा राहिला.

“अजून येळ हाय. जुना बसवतो.”

“बाजूला हो.”

तो बाजूला झाला.

रविवारी कराडच्या पुढे भाऊसो पहिले दोन मैल पुढे होते. मग क्रॉस तुटला, शाफ्टचे टोक डांबरात रुतले आणि गाडी उलटून शेतात पडली. दवाखान्यात न्यायची गरज उरली नाही.

सोमवारी पोलीस जमादार शेडमध्ये आला. त्याने डबा दोनदा वाचला आणि परत ठेवला. “तू सांगायचं ते सांगितलंस, बाबा,” तो म्हणाला. नाक्यावर दिवसभर तेच बोलणे चालले होते. वैऱ्यालासुद्धा तीन-तीनदा खरे सांगणारा मिस्त्री, असा माणूस मिळायचा नाही.

घरी राहीबाईने ताट त्याच्यापुढे आदळले.

“आवं, ज्यानं तुमचा भाऊ मारला, त्याला वाचवाय तुमी आडवं उभं ऱ्हायलासा. एकदा खोटं बोलाय तुमची जीभ झडली असती व्हय?”

आकारामने भाकरीचा तुकडा मोडला.

“खोटं बोललो असतो, तर त्यो वाचला असता.”