जहाजावर करमेल का?

"लहान्याचं सोडा शफीभाई, तो कुठंबी रमतो," रामकिसन म्हणाला. "पोरीचं सांगा. तिला करमंल का तिथं?"

शफीने संगणकावरून नजर काढली नाही. शहागंजातल्या त्याच्या टूरच्या ऑफिसात हा प्रश्न रोजचाच होता. लहान मुलांना पोहायचा तलाव, घसरगुंडी, जादूचे प्रयोग. मोठ्या मुलांना गाणी, खेळ आणि आईबापांपासून लांब बसायला जागा. मुंबईहून निघायचं, गोव्यात हिंडायचं, परत यायचं. आजवर एकही पोर कंटाळून आलेलं नाही, असं त्याने सांगितलं.

"वय काय तिचं?"

"गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झालं."

"मग मोठ्यांत धरावं लागंल."

"धरा की."

पुढच्या आठवड्यातल्या जहाजावर खिडकीची खोली मिळत होती. शफीने ती सुचवून पाहिली, पण रामकिसनला आधी सांगितलेलीच तारीख हवी होती. बायकोने ठरवलीय म्हणाला. बायकोने ठरवलेली तारीख शफीनेही कधी बदलली नव्हती, त्यामुळे त्याने पुढे काही विचारलं नाही.

शेंद्र्याच्या घरात प्रतीक्षा महिनाभर बापाशी बोलत नव्हती. बारावीची परीक्षा झाली होती आणि तिला पुण्याला जाऊन वकिली शिकायची होती. रामकिसन "बघू" म्हणाला होता. त्याचं "बघू" म्हणजे काय, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. जहाजाचं कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझं तोंड बंद करायला नेताय का?"

रामकिसनला ते लागलं. त्याचं आयुष्य कंपनीची पाळी आणि उरलेली शेती यांत गेलं होतं. सुट्टी म्हणजे हर्सूलचा तलाव, नाहीतर मामाचं घर. पोरं कधी मोठी झाली हे त्याला कळलंच नाही, आणि आता कळून उपयोग नव्हता.

रामकिसनच्या बायकोने, द्वारकाबाईने, बॅगा भरल्या. प्रतीक्षाच्या जीन्सच्या घडीवर तिने एक निळा भरजरी ड्रेस ठेवला. प्रतीक्षाने तो काढून टाकला, आईने परत ठेवला. जहाजावर एक दिवस सगळे नटून फोटो काढतात, असं द्वारकाबाईने कुठून तरी ऐकलं होतं.

पहिल्या दिवशी नको तेच झालं. धाकटा विराज जहाजावर पाय ठेवताच तलावाकडे पळाला आणि प्रतीक्षा खोलीत पांघरूण घेऊन पडली. रामकिसन सारखा खाली जाऊन येत होता. शेवटी तो तिच्या उशाशी बसला आणि माझ्यासाठी तरी वर चल, म्हणाला. बापाने हुकूम सोडायचा आणि पोरीने तो ऐकायचा, एवढंच आजवर त्या दोघांमध्ये झालं होतं. त्याला अशी विनवणी करताना पाहून ती उठून बसली.

वर आल्यावर मात्र तिचा राग फार वेळ टिकला नाही. वारं सुटलं होतं, चहूकडं पाणीच पाणी होतं. विराजने तिला ओढत नेऊन घसरगुंडीवर बसवलं, आणि तिला मोठ्याने हसताना पाहून रामकिसनचा जीव भांड्यात पडला.

जेवणाच्या हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांचं बोलणं कानावर पडताच द्वारकाबाईने वळून चौकशी केली. आपल्याच भागातल्या पाचोडचे निघाले. तात्यासाहेबांची मोसंबीची बाग होती, त्यामुळे रामकिसनला बोलायला विषय मिळाला. म्हाताऱ्या सरूबाईंचा चष्मा खोलीत राहिला होता. खाण्याचं कार्ड त्यांना प्रतीक्षाने वाचून दाखवलं, मराठीत समजावून सांगितलं. त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून हात धरून तिनेच त्यांना सगळं जहाज फिरवून आणलं. दुसऱ्या दिवशी तर "आज्जी, आज्जी" करत ती आपणहून त्यांना शोधत गेली. घरची म्हातारी असती तरी तिने एवढं केलं नसतं, असं द्वारकाबाई कौतुकाने म्हणाली.

संध्याकाळी प्रतीक्षा कठड्याशी बापाजवळ येऊन उभी राहिली.

"पप्पा, मला लई आवडलं," ती म्हणाली. "मी उगंच वाईट बोलले तुम्हाला."

"नाय गं. तू दहा वर्षांची होतीस तवाच आणायला पाहिजे होतं."

"आता आणलं ना. पुण्याचा परत एकदा विचार कराल का?"

"घरी गेल्यावर बोलू," तो म्हणाला.

त्याने "बघू" म्हटलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. रामकिसनला समुद्राकडे तोंड फिरवावं लागलं.

खोलीत आल्यावर तो बायकोला म्हणाला, "तिला आत्ताच सांगून टाकू. मला राहवंना."

"आता नका," द्वारकाबाई म्हणाली. "खूश हाय तर राहू द्या उद्यापर्यंत."

बायकोशी वाद घालायची त्याची छाती नव्हती, आणि पोरीला सांगायची तर त्याहून नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी फोटो झाले. प्रतीक्षाने कुरकुर न करता निळा ड्रेस घातला होता, केस सोडले होते. फोटोत ती आईबापाच्या मधे उभी राहिली आणि मनापासून हसली. नंतर दोन्ही कुटुंबं डेकवर खुर्च्या जोडून बसली. विराज आइस्क्रीमच्या रांगेत होता. कुणी न सांगता प्रतीक्षा उठली आणि सगळ्यांसाठी ट्रेमधून चहा घेऊन आली. आधी तो तिने म्हाताऱ्यांपुढे धरला.

सरूबाईंनी कप उचलला, घोटभर चहा घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तात्यासाहेबांनी मान डोलावली.

"पोरगी पसंत हाय आम्हाला, रामकिसनराव," सरूबाई म्हणाल्या. "नातवानं बी फोटो बघून व्हय म्हणलंय. ठरल्यापरमानं सुपारी फोडून टाकू."