समिधा पेटेनात

कापूर जळाला, तूप जळालं, पण समिधा काही पेटेनात. त्या पापडासारख्या फुगल्या, काळ्या पडल्या आणि होमकुंड विझवून मोकळ्या झाल्या.

गुरुजींनी नवरीकडे पाहिलं. "ऋजुता, ही तुझीच करामत ना?"

ती ओशाळली. तिनं शोधलेली पूड इपॉक्सीत, म्हणजे प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या राळेत, मिसळली की ते पेटतच नसे. म्हणून शहरात दारांपासून पाटांपर्यंत सगळं त्याचंच झालं होतं, अगदी समिधासुद्धा. खरं लाकूड कुणाकडेच नव्हतं आणि सप्तपदी अडली होती.

"थांबा," म्हणत तिच्या सासूबाई, कुमुदिनीबाई, उठल्या. सुनेला द्यायला आणलेलं जुनं शिसवी लाटणं त्यांनी पिशवीतून काढलं.

"अगं आई, ते नको! आजीची आठवण आहे ती!" नवरदेव ओरडला.

तोवर लाटणं कुंडात पडलंसुद्धा. गुरुजींनी वर तूप ओतून पुन्हा कापूर पेटवला. लाटणं तडतडून पेटलं आणि मांडवात टाळ्या पडल्या.

सप्तपदीला उठताना ऋजुता पुटपुटली, "आई, माझ्यामुळे तुमचं लाटणं गेलं."

"जाऊ दे गं," कुमुदिनीबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंनी हातात ठेवलं, त्याच दिवशी चुलीत घालावंसं वाटलं होतं. तेव्हा घरात विस्तव होता, पण माझी छाती झाली नाही."