नावेतून पडलेला ट्रम्पेट

पंधरा दिवस वेल्डर शेडमध्ये ठाकठोक करत होता, आणि बायको जवळ आली की कामावर पोतं टाकत होता. भंगारातून आणलेलं जुनं सिलिंडर कापून त्याला काच बसली, हवेची नळी आली, वर तीन दिवे चढले आणि शेवटी पोतं निघालं, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

"अहो, हे डोक्यात घालून निघालात कुठे?"

"तळ्याच्या तळाशी. बाबांचा ट्रम्पेट नावेतून पडला म्हणालीस ना, तो काढायला."

नवऱ्याच्या रोज सकाळच्या त्या पोंपोंला वैतागून तिने सासऱ्यांचं नाव कोरलेला तो ट्रम्पेट गुपचूप भंगारवाल्याला देऊन टाकला होता. पण तळं थोडंच चहाडी करणार होतं? शोधू दे बापडा महिनाभर, घरात तेवढीच शांतता! तिचा जीव भांड्यात पडला.

"रविवारी तूही चल," हेल्मेट डोक्यावर चढवत तो म्हणाला. "नेमका कुठे पडला, ते बोट करून दाखव."

आणि त्याने दिवे लावले.



मधला दिवा ज्या पितळी तोंडात बसवला होता, त्याच्या काठावर सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं.